उन्हानं खाल्लेलं वजन

ढेकळावर त्या पोरीनं पाणी ओतलं नव्हतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तेव्हाच्या बाईंना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मी फारसा बोलणारा माणूस नाही. शाळेत शिकवण्यापुरतं बोलतो, घरी विचारलं तर उत्तर देतो. कमी बोलणाऱ्याच्या पोटात काही नसतं, असं लोक धरून चालतात. माझ्या पोटात हे होतं.

कर्जतच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत गेलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा लागते. दोन खोल्या, मध्ये पत्र्याचा आडोसा, पुढे कडुलिंबाचं झाड आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि मुख्याध्यापकही मीच. दोन शिक्षकांच्या शाळेतला मुख्याध्यापक म्हणजे किल्ल्या सांभाळणारा, खिचडीचे तांदूळ काढून देणारा आणि साहेब आले की पुढे होणारा. ते पुढे होणं मला आवडायचं.

वजन हा माझा हातखंडा पाठ होता. ऐन उमेदीत याच पाठावर तालुक्याला माझं कौतुक झालं होतं. पितळी पारड्यांचा तराजू, लोखंडी वजनं, ग्रॅम, किलो, क्विंटल. मुलं माझ्यामागून म्हणायची आणि म्हणून झालं की लिहायची. तराजू मी कपाटात कुलूप लावून ठेवायचो. पारडी काळी पडतात. मुलांच्या हातात तो मी कधी दिला नाही.

मग नव्या बाई आल्या.

वयानं माझ्या पुतणीएवढ्या. माहेर कोल्हारकडचं, म्हणजे प्रवरा नदीच्या पाण्यावर वाढलेल्या. आमच्याकडचं ऊन यांना सोसायचं नाही, उन्हाळ्याच्या आत बदलीचा अर्ज टाकतील, असा माझा हिशेब होता. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "गुरुजी, तराजू मिळेल का?"

"पहिली-दुसरीला तराजू कशाला? जड-हलकं तर शिकवायचंय. मोडला तर जबाबदारी माझी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गानं आपला तराजू केला. लिंबाची काठी, सुतळी आणि दोन करवंट्या. एक करवंटी सारखी वर जायची. बाई काठी तासायला निघाल्या, तेव्हा दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, काठी नका तासू. पासंग बांधा. आमचे अब्बा बांधत्यात."

तिचे वडील आठवडी बाजारात लिंबं, पेरू, मिरच्या विकायचे. पासंग म्हणजे तराजूची खोड काढायला हलक्या बाजूला बांधायचं थोडं वजन. जुन्या काट्यांना चिंधी नाहीतर दगड लोंबताना सगळ्यांनीच पाहिलेला असतो. त्या पोरीनं चिंधीत चिमूटभर वाळू घातली, गाठ मारली, करवंटीच्या सुतळीला बांधली. काठी सरळ झाली. मग बाईंनी नियमच केला. रोज तोलायच्या आधी तराजू रिकामा उचलायचा, आणि काठी सरळ राहिली की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "रिकामं सारखं."

पत्र्याच्या आडोशातून मला रोज ते ऐकू यायचं. रिकामं सारखं. माझी मुलं पाढ्याच्या मध्येच थांबायची.

वजनाला चिंचोके. आणि तोलायचं काय, तर माती. बाई त्या मुलांना जे सांगायच्या ते मी पत्र्यापलीकडून शब्दन् शब्द ऐकलेलं आहे, कारण माझं शिकवण्याकडे लक्षच नसायचं. "आता पाऊस येतो तो एकदम येतो, आणि मग ऊन ठाण मांडून बसतं. तुमचे आजोबा सांगतात ना, असं पूर्वी नव्हतं? मग माती काय करत असेल?"

"तहानत असंल, बाई."

"किती तहानते ते बघूया का उचलून?"

ओल्या मातीची दोन ढेकळं केली. एक लिंबाखाली पाल्यात झाकून ठेवलं, एक पायरीवर उघडं. रोज आधी हातानं उचलायचं, अंदाज सांगायचा आणि मग तोलायचं. जेवढे चिंचोके कमी लागतील, तेवढे उन्हानं खाल्ले.

"बाई, आज ऊन लई भुकेलं हुतं."

"झाकल्यालं बघा की, त्याचं ऊन उपाशीच राहिलं."

सगळा वर्ग हसायचा, बाईही हसायच्या. माझ्या वर्गात कुणी हसलं तर मी त्याला उभं करायचो. हसवून शिकवणं मला जमलं नसतं असं नाही, असं मी मनाशी म्हणायचो. मला ते कधी सुचलंच नव्हतं, हे मनाशीही म्हणत नव्हतो. चौथीतला एक वांड पोरगा एकदा सरळच म्हणाला, "गुरुजी, आमाला बी तिकडं बसू द्या की."

"तू चौथीत आहेस."

"मग मी नापास व्हतो."

त्याला मी अंगठे धरून उभा केला. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

मार्च संपता संपता गारा पडल्या. भर दुपारी आभाळ काळं झालं आणि पत्र्यावर असा मारा सुरू झाला की दोन्ही वर्ग ओसरीत आले. गारा थांबल्यावर पोरं त्या वेचायला धावली. बाईंनी लगेच एक वाटी भरून तोलली, चिंचोके बाजूला ठेवले, वर ताटली झाकली आणि विचारलं, "विरघळल्यावर हिचं वजन काय होईल?"

मी ओसरीत उभा होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. पण दोन्ही वर्ग समोर होते आणि त्यांची तोंडं बाईंकडे होती, म्हणून मी म्हणालो, "हलकंच होणार. गार घट्ट असते. पाणी पातळ."

गारा विरघळल्यावर पासंग बांधणाऱ्या त्या मुलीनं वाटी तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाली, "तेवढंच हाय, गुरुजी." तिच्या हातात काहीतरी होतं खरं. वडिलांच्या बाजारातल्या पालावर पेरू उचलून उचलून आलेलं असेल. तराजू उचलला. तितकेच चिंचोके लागले.

"गुरुजी चुकले," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पोरं खिदळली.

बाई पटकन म्हणाल्या, "अरे, गुरुजींनी मुद्दाम तसं सांगितलं. तुम्ही तपासून बघता की नाही, ते बघायला."

त्यांनी मला झाकून घेतलं. पोरांचं हसणं मी विसरलोही असतो. बाईंचं ते झाकून घेणं मात्र मला पचलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं शाळेत वेळेवर येणंसुद्धा मला माझ्याविरुद्ध वाटायला लागलं.

घरी बायको म्हणाली, "तुम्ही दिवसाला दहा वाक्यं बोलता. त्यातली सहा त्या बाईंची उणीदुणी काढण्यात जातात. एवढ्या वाईट आहेत का त्या?"

"तसं काही नाही."

"मग चांगल्या असतील," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी शाळेत आला. आता त्याचा मुलगा पहिलीत होता. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, आमचं पोरगं आज्ज्याला सांगतंय, बांधावरचा पाला जाळू नका, मातीचं वजन जातं. म्हाताऱ्यानं ऐकलं की. खरंच जाळला न्हाई यंदा."

"तुला शिकवलं होतं ना मी वजन?"

"व्हय की. लई घोकलं हुतं," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. तो मोकळेपणानं हसत होता. तो गेल्यावर मी कपाट उघडून पितळी पारडी चिंचेनं घासत बसलो.

घासायला कारणही होतं. केंद्रप्रमुख तालुक्याच्या साहेबांना घेऊन शाळेत येणार होते. मुलांना शिकवण्याच्या नव्या पद्धती बघायच्या आणि त्यातला एक पाठ तालुक्याला सगळ्या शिक्षकांपुढे करून दाखवायचा, असं ठरलं होतं. आमच्या शाळेतून कुठला पाठ जाणार, हे मला आधीच दिसत होतं.

त्या आठवड्यात नवीन ढेकळं ठेवलेली. पायरीवरच्या ढेकळाची राखण त्या मुलीकडे होती. कोंबड्यांनी चोच मारू नये, कुणी लाथाडू नये, एवढंच काम. पण ती मधल्या सुट्टीतही खिचडीचं ताट घेऊन पायरीवरच बसायची. साहेब यायच्या दिवशी मात्र बाईंनी तिला हाक मारून लिंबाखाली बोलावलं, ताटं वाढायला. सगळी मुलं तिथंच जेवत होती. मी खडू आणायला म्हणून बाईंच्या वर्गात गेलो. खडू माझ्या खिशातच होता.

तराजू खुंटीला टांगलेला होता. ढेकूळ ठेवायच्या बाजूला ती चिंधी बांधलेली. मी गाठ सोडली, अंगणातून उचललेले चार खडे वाळूत दाबले आणि गाठ तशीच मारली. पहिल्यासारखीच. एवढं बारीक काम मी कितीतरी दिवसांत मन लावून केलं नव्हतं. मग पुढच्या खोलीत जाऊन हात धुतले.

साहेब आले. चहा झाला. बाईंनी मुलांना उभं केलं, तराजू खुंटीवरून काढला, आणि मुलं "रिकामं सारखं" म्हणायला तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "बाई, ते रोजचं राहू द्या आता. साहेबांना पुढच्या शाळेवर जायचंय."

मुख्याध्यापकानं सांगितलेलं त्यांनी ऐकलं. तोवर त्यांनी माझं सगळंच ऐकलं होतं.

त्या मुलीनं पायरीवरचं ढेकूळ आणलं. बाईंनी विचारलं, "कालच्यापेक्षा कसं लागतंय?"

"लई हलकं झालंय, बाई."

ढेकूळ करवंटीत ठेवलं. एक मुलगा चिंचोके टाकायला लागला. कालचा आकडा गेला, परवाचा गेला, तरी ढेकळाची करवंटी खालीच. फळ्यावर ओल्या ढेकळाचे चिंचोके काढून ठेवले होते, त्या आकड्याजवळ गेल्यावर कुठे काठी सरळ झाली.

साहेब माणूस चांगला होता. हसून म्हणाले, "बाई, तुमच्याकडं वाळल्यावर वजन वाढतंय की. ढेकळाला कुणी पाणी पाजलं वाटतं."

"न्हाई, साहेब," ती मुलगी म्हणाली. साहेबांसमोर सहसा पोरं बोलत नाहीत. "हे हलकंच हाय. बघा, वर कोरडं हाय. माझ्या हाताला कळतंय."

बाई तराजूकडे बघत होत्या. आणखी एक क्षण मिळाला असता तर त्यांनी करवंट्या रिकाम्या केल्या असत्या. मी पुढे झालो. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणालो, "हात फसतो, बाळ. काटा फसत नाही. आतून ओलं असेल."

तिनं माझ्याकडे वर बघितलं. मग स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.

साहेबांनी नंतर माझा वर्ग पाहिला. पितळी पारडी लखलखत होती. मुलांनी न चुकता सगळं म्हणून दाखवलं. "पद्धतशीर," साहेब म्हणाले. पाठ माझा निवडला गेला. पुढे तालुक्याला मी तो केलाही, आणि टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजताना मला बाई कुठे बसल्यात ते शोधायचं होतं. त्या दुसऱ्या रांगेत होत्या आणि मनापासून टाळ्या वाजवत होत्या.

इथवर जे केलं ते मत्सरानं केलं. त्याला निदान नाव आहे. पुढचं जास्त वाईट आहे.

साहेब गेल्यावर, शाळा सुटल्यावर, कुलूप लावायच्या आधी मी चिंधीतले खडे काढून टाकले. बाई हुशार होत्या. सकाळी पहिल्यांदा तराजू तपासणार हे मला ठाऊक होतं. आणि तसंच झालं. सकाळी पत्र्यापलीकडून बाईंचा आवाज आला, "आधी रिकामं बघूया." मग सगळ्यांचा, "रिकामं सारखं." तराजू खरा ठरला. ढेकूळ तोललं तर हलकं निघालं. मग काल ते जड कसं होतं? एकच उत्तर उरलं होतं, आणि ढेकळाची राखण करणारीही एकच होती. खडे काढताना हे मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

"ओतलंस का गं पाणी?" बाईंनी विचारलं. त्यांचा सूर रागाचा नव्हता.

"न्हाई, बाई."

"चुकून सांडलं असेल. कोंबडी हाकताना."

"न्हाई सांडलं."

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "बाई, तिचा अब्बा बी बाजारात काटा मारतो."

त्या माणसानं काटा मारलेला कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः त्याचं गिऱ्हाईक. पारडं झुकल्यावर वर आणखी एक लिंबू टाकणारा माणूस. हे मी त्या वर्गात जाऊन एका वाक्यात सांगू शकलो असतो. पोरांना ते पटलं असतं, गुरुजींचं पटतंच. मी फळ्यावर भागाकार लिहीत होतो. तो पुरा केला.

बाईंनी त्या मुलाला दटावलं. पण वर्गात कुजबुज सुरू झाली होती. "काटा मारला, काटा मारला." बाई पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता थकल्यासारखा होता, "हे बघ, मी रागावणार नाही. खरं काय ते सांगितलं की संपलं."

मी दुसरा भागाकार मांडायला घेतला. मग ती म्हणाली, "व्हय. ओतलं."

"शाबास. खरं बोललीस," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं असणार. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

माझी कबुली अशी त्या पोरीनं दिली. मी पत्र्याच्या अलीकडे उभा राहून ऐकली.

त्यानंतर तिनं ढेकळं राखणं सोडलं. बाई अंदाज विचारायच्या तेव्हा इतर पोरं ओरडायची, ती म्हणायची, "आधी तोला." बाईंना वाटलं असेल, पोरगी आता तपासून बघायला शिकली. वर्षअखेरीस बाईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्याकडून पुष्कळ शिकले." मी नारळ आणि शाल त्यांच्या हातात दिली. करवंट्यांचा तराजू त्या नव्या शिक्षकासाठी ठेवून गेल्या. तो मी कपाटात ठेवला. पितळी तराजूशेजारी. चिंधीसकट.

मला वाटलं होतं, त्या गेल्या की पत्र्यापलीकडचा आवाज थांबेल आणि मला बरं वाटेल. आवाज थांबला. बरं काही वाटलं नाही. एके दिवशी मीच तिसरीच्या पोरांना दोन ढेकळं करायला सांगितली. बाई जसं करायच्या तसंच सगळं. पोरांनी केलं, चिंचोके लिहूनही ठेवले. हसलं कुणी नाही. मग मला त्या गेलेल्या बाईंचाही राग आला.

तिसरी-चौथीची दोन वर्षं माझ्याच वर्गात काढून ती मुलगी आता हायस्कूलला जाते. गेल्या महिन्यात बाजारात ती वडिलांच्या पालावर बसलेली दिसली. समोर लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा. ऊन एवढं होतं की ताडपत्रीच्या सावलीतही पेरू सुरकुतले होते.

"या, गुरुजी," तिचे वडील म्हणाले. "लई दिवसांनी."

"किलोभर पेरू द्या."

त्यांनी तिला खूण केली. तिनं एक पेरू काट्यावर ठेवला, आकडा पाहिला. दुसरा ठेवला, आकडा पाहिला. तिसरा. असं एकेक करत किलो भरला. वडील माझ्याकडे बघून हसले. "ल्हान हुती तवा हातानंच किलो उचलायची, गुरुजी. गिऱ्हाइकं पैज लावायची. आता काट्याबिगर एक फळ उचलत न्हाई. शिकली ना."

"काटा फसत न्हाई, अब्बा," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. सहज. तिला हे वाक्य कुणाचं आहे हे आठवत असेल की नाही, मला सांगता येत नाही.

काटा भरला होता. तरी वडिलांनी वर आणखी एक पेरू पिशवीत टाकला, नेहमीसारखा. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ऊन फार आहे आज."

"व्हय, लई," ते म्हणाले. "सकाळपासून मालाचं वजन घटतंय."

मी पिशवी घेऊन घरी आलो. बायकोनं पेरू हातात घेतले आणि म्हणाली, "किलोपेक्षा जास्तच दिसतायत." तिला मी अजून काही बोललेलो नाही. हे लिहून झालं की आधी तिलाच वाचायला देणार आहे.

त्या दिवशी त्या पोरीच्या हाताला बरोबर कळलं होतं. तिनं पाणी ओतलं नव्हतं, आणि खडे मी घातले होते. हे मला तिला सांगायचं आहे, तिच्या वडिलांच्या समोर, बाजारात. आणि मग बाईंना. ते सांगणं अजून माझ्याकडून राहिलेलं आहे.